ऊसतोडीला मशीन आली, आता आमच्या गावाचं काय?

बालाघाटी:

नमस्कार मंडळी. विषय मोठा आहे आणि माझ्या घरचा आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बीड जिल्ह्यातला, धारूरच्या अंगाला डोंगरात आमचं गाव. आई-वडील 22 हंगाम ऊसतोडीला गेले, सांगली, कोल्हापूर, दोनदा निपाणीकडे. मी आठवीपर्यंत अर्धं वर्ष शाळेत आणि अर्धं वर्ष फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत काढलं, मग मामाने ठेवून घेतलं म्हणून आयटीआय झालं आणि आता चाकणला एका कंपनीत आहे. यंदा दिवाळी होऊन पंधरा दिवसांनी गावी गेलो, एरवी तेव्हा गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं एवढंच असतं, यंदा पारावर तरणी माणसं बसलेली. विचारलं तर म्हणे टोळी नेणाऱ्या मुकादमाने सांगितलंय कोयते, म्हणजे तोडणारी जोडपी, कमी लागणार, कारखान्याकडं हार्वेस्टर लागलेत. जे गेले त्यांनाही उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कमी मिळाली.

आता माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम चालू आहेत. एक म्हणजे हे काम बंदच व्हायला पाहिजे असं मला लहानपणापासून वाटतं. पहाटे तीनला उठून आई भाकरी थापायची, अंधारात फडात जायचं, पाल्याने हात-गाल कापलेले, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी कधी येणार तर रात्री अकराला. मग त्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. फळी दवाने ओली असली की माझी आई एक हात मोळीला आणि दुसरा हात पुढच्या बाईच्या पदराला धरायची, हे मी खालून बॅटरी धरून बघायचो, मला सहा-सात वर्षं असतील. असं काम मशीन करत असेल तर करू दे ना.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याच कामावर मामाला माझ्या फीचे पैसे पाठवलेत त्यांनी. दीड एकर कोरडवाहू आहे आमचं, त्यात काय होतं.

तर विचारायचंय हे की नवीन तंत्रज्ञान आलं की गरिबाचं जरा बरं होतं का आधीच ज्याच्याकडं आहे त्याचंच अजून होतं? पुस्तकातलं नको, तुमच्या डोळ्यांसमोर जे झालंय ते सांगा. ऊसवाले कोण असतील त्यांनी तर सांगाच.

शिरोळकर:

दादा तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी ऊसवाला, शिरोळ तालुका, माझा ऊस तुझ्या आई-वडिलांसारख्यांनीच तोडलाय इतकी वर्षं, तेव्हा आधी ते मान्य करतो आणि मग बोलतो.

आमच्या बाजूने बघ. तोडकऱ्यांच्या टोळ्या दरवर्षी कमी यायला लागल्यात, पोरं शिकली, पुण्या-मुंबईला गेली, चांगलंच आहे. पण ऊस तर उभाच आहे. तोड चिठ्ठी मिळायला चिटबॉयच्या, म्हणजे कारखान्याच्या माणसाच्या मागं फिरायचं, टोळी आली की एकरी खुशालीचे वरचे पैसे द्यायचे, ड्रायव्हरला एंट्रीचे द्यायचे, तरी दोन महिने ऊस वाळत बसतो आणि वजन घटतं ते आमच्या उरावर. म्हणून मशीन आली तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो.

पण झालं काय ते ऐक. मशीनला सरी पाहिजे साडेचार-पाच फुटाची, आमच्यातल्या बऱ्याच जणांची जुनी सरी साडेतीनची. मशीनला वळायला जागा पाहिजे, माझं रान 38 गुंठ्याचं, चारी बाजूला दुसऱ्यांचा उभा ऊस, ती फिरणार कुठं? ज्याचा पाच-सहा एकराचा एक गट प्लॉट, रस्त्याकडेला, त्याच्याकडं मशीन पहिल्यांदा जाते. जानेवारीत त्याचं रान मोकळं, तो पुढच्या पिकाला लागला. आम्ही 30-40 गुंठेवाले मार्चपर्यंत टोळीची वाट बघत बसतो, आणि टोळी पण आता एकच उरली म्हटल्यावर तिचा भाव वाढला. म्हणजे मशीनने तुझ्या गावाचं काम गेलं आणि माझ्यासारख्या लहान शेतकऱ्याला काही मिळालं नाही, मधल्या मधे मोठ्या बागायतदाराचं सोपं झालं. हे मी रागाने नाही बोलत, माझ्या बांधावर उभं राहून जे दिसतं ते सांगतोय.

त्यात मशीनचा ऊस तुकडे होऊन जातो, पाचट म्हणजे वाळका पाला बरोबर जातो म्हणून आमच्याकडं वजनातनं टक्केवारीने कपात करतात. हातातोडीला ती कपात नाही. आणि जमीन ओली असली की चाकाखाली सरी दबते, खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांवरचं पुढचं पीक, कुठं फुटतो कुठं नाही. वाढे, म्हणजे जनावरांना घालायचे हिरवे शेंडे, पण मिळत नाहीत, मशीन शेंडे बारीक करून रानातच टाकते. माझ्या दोन म्हशी वाढ्यावरच असायच्या हंगामभर.

तरी पण एक सांगतो, मशीन नको असं मी म्हणणार नाही. चार भाऊबंदांनी बांध काढून सलग सरी पाडली तर आमचाही ऊस मशीनला जाईल. आमच्यात त्यावर दोन बैठका झाल्या, बांध कुणी काढायचा यावर मोडल्या.

ट्रॅक्टर-ट्रॉली:

मी तिसरी बाजू सांगतो, कारण मी मशीन घेतलीय. लोक म्हणतात मशीनवाला श्रीमंत. ऐका.

आधी माझे दोन ट्रॅक्टर होते वाहतुकीला. मुकादमाला उचल आम्ही वाहनमालकच देतो, कारखान्याकडून थोडा ॲडव्हान्स, बाकी आमचं कर्ज. एका वर्षी मुकादमाने साडेआठ लाख घेतले आणि टोळीच आणली नाही. कुणाकडं जायचं? असे आमच्या तालुक्यात कितीतरी वाहनमालक बुडालेत, काहींनी जमिनी विकल्या. म्हणून म्हटलं माणसाच्या भरवशावर नको, मशीन घेऊ.

मशीनची किंमत कोटीच्या घरात. 2023 ला सरकारने 900 मशिनींना अनुदान जाहीर केलं, किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख यातलं जे कमी असेल ते. माझं नाव सोडतीत आलं. पण अनुदान खरेदी झाल्यावर येतं, स्वतःचे 20 टक्के आधी घालायचे, राहिलेलं बँकेचं कर्ज, आणि बँक विचारते तारण काय. माझी सहा एकर बागायत होती म्हणून दिलं. आता बालाघाटीभाऊ, तुमच्या गावातल्या दीड एकर कोरडवाहूवाल्याने अर्ज केला असता तर? अर्ज करायला कुणी अडवलं नसतं, पण मिळालंही नसतं. योजना सगळ्यांना उघडी असते, तारण आमच्यासारख्याकडंच असतं. मला हे मान्य करायला काही वाटत नाही.

चांगलं चाललं तर माझी मशीन दिवसाला शंभर-सव्वाशे टन काढते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून दोन टन काढतात, म्हणजे पन्नास-साठ कोयत्यांचं काम झालं, शंभरावर माणसं. मशीनवर आम्ही किती? दोन ऑपरेटर पाळीने, एक हेल्पर, भरून घ्यायला ट्रॅक्टरवर दोन ड्रायव्हर. आणि बँकेचा हप्ता बारा महिने, काम शंभर-सव्वाशे दिवस. पाऊस झाला की रान ओलं, मशीन उभी. ब्लेड, हायड्रॉलिकचे पाइप, डिझेल, मेकॅनिकला तासाच्या अंतरावरून बोलवायचं. मी रात्री झोपेत हप्ता मोजतो.

पण ऑपरेटर मिळत नाहीत, हे खरं आहे. माझा एक ऑपरेटर बाहेरच्या राज्यातला आहे. तुमच्या भागातली पोरं शिकली तर मी पहिला ठेवीन, ऊस कळणारा माणूस मशीनवर असला की बुडखा जमिनीलगत कापतो, साखरेचा उतारा पण चांगला. ज्याने कोयता मारलाय त्याला ते सांगावं लागत नाही.

वऱ्हाडी_माणूस:

आमच्याकडे गव्हाचं असंच झालं. पंजाबचे हार्वेस्टर आले, चार दिवसांत शिवार रिकामं. सोंगणीची मजुरी गेली ते सगळे बोलतात, पण माझी आजी सरवा वेचायची, पडलेल्या ओंब्या, त्यात चार महिन्यांचं पीठ निघायचं. तो सरवा गेला त्याचा हिशोब कुणीच केला नाही.

शाळेच्या बाई:

वऱ्हाडी दादांनी सरव्याचं लिहिलं म्हणून मीही लिहिते, नाहीतर नुसतंच वाचते इथे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 17 वर्षं आहे, त्यातली बरीचशी अशा गावांत जिथली निम्मी मुलं दिवाळीनंतर पटावर असतात आणि वर्गात नसतात.

मशीनच्या चर्चेत एक गोष्ट सुटते ती बाईची. कोयता म्हणजे जोडपं. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. म्हणजे त्या कामात निम्मा वाटा तिचा आहे, आणि हिशोब होतो तो नवऱ्याच्या नावाने. आता वरचे भाऊ म्हणाले मशीनवर ऑपरेटर, हेल्पर, ड्रायव्हर. यातली एकतरी बाई आहे का हो? माझ्या पाहण्यात तरी नाही. काम शंभर जणांचं गेलं त्यात पन्नास बायका, आणि नवीन जी चार-पाच कामं आली ती सगळी पुरुषांची.

आणि हे फक्त उसाचं नाही. आमच्या भागात सोयाबीन-कपाशीला तणनाशक आलं. खुरपणी हे बायकांचं काम होतं, दिवसाची मजुरी कमी पण ती हातात यायची आणि तिच्या हातात यायची. आता एक माणूस पाठीवर पंप घेऊन दोन दिवसांत ते रान फवारून मोकळा होतो. शेतकऱ्याचे पैसे वाचले, त्याला दोष देत नाही, मजूर वेळेवर मिळत नव्हते हेही खरं. पण ज्या बाया त्यावर मुलांच्या वह्या घ्यायच्या त्या आता माझ्याकडे येऊन विचारतात बाई शाळेतून वह्या मिळतात का.

तरीही ऊसतोड संपत असेल तर मी रडणार नाही. 2019 ला सरकारने बीडमधल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली होती, 82 हजारांवर बायका तपासल्या, त्यात 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. का काढतात हे मला बायांनीच सांगितलंय. पाळीत काम होत नाही, खाडा झाला तर पैसे कापतात, फडात आडोसा नाही, पाणी नाही, मग डॉक्टर म्हणतो काढून टाका आणि घरचेही म्हणतात काढून टाक. तिशीच्या आत. असं काम मशीनने नेलं तर न्यावं. पण मशीनने नेलं आणि तिच्या हाताला दुसरं काहीच दिलं नाही तर ती घरात अजून खाली जाते, कारण निदान कोयत्यावर ती कमावती तरी होती.

मुलांचं मात्र एक चांगलं झालेलं मी पाहिलंय. यंदा जे आई-बाप गेले नाहीत त्यांची 11 मुलं माझ्या वर्गात डिसेंबरात बसलेली आहेत. पहिल्यांदा असं झालं. त्यातल्या एका मुलीला मी विचारलं या वेळी कसं वाटतंय, तर म्हणाली बाई मला सहामाहीनंतरचे धडे कधीच माहीत नव्हते. आता हे आनंदाने सांगावं का नाही तेही कळत नाही, कारण तिच्या घरी तेलाचा डबा संपलाय हेही मला माहीत आहे.

रसकुंडी:

मी साखर कारखान्याच्या मशिनरीत 20 वर्षं काढली, आता निवृत्त. दोन गोष्टी.

एक म्हणजे हार्वेस्टर हे एकच तंत्रज्ञान नाही. त्याआधी कारखान्यांनी गाळप क्षमता वाढवली, अडीच हजार टनांचे पाच-साडेसात हजार टनांचे झाले. आम्हाला त्याचा अभिमान होता, मीही त्या कामात होतो. पण ऊस तेवढाच आणि गाळप दुप्पट म्हणजे हंगाम लवकर संपणार. पूर्वी पाच-सहा महिने चालणारा कारखाना आता चारच्या आत बंद होतो. तोडणाऱ्याला पैसे टनावर मिळतात. जानेवारी 2024 ला दर वाढला, 273 चा 366 रुपये टन झाला, चांगली वाढ होती. आता गणित करा. एक लाखाची उचल फेडायला 273 टन तोडायला लागतात, रोज दोन टन धरले तर 137 दिवस, तेही एक खाडा न करता आणि पोटाला काही न खाता. हंगाम शंभर दिवसांत संपला तर? न फिटलेली उचल बाकी म्हणून पुढं फिरते, पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं बांधलेले. कारखान्याच्या आत बसवलेल्या मिलने बाहेरच्या माणसाचं कर्ज वाढवलं, आणि हे आम्हा इंजिनियर लोकांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुसरं ब्राझीलचं. साओ पावलो राज्यात 2002 ला कायदा झाला, ऊस पेटवून तोडायचं टप्प्याटप्प्याने बंद. तिथे हातातोडीआधी फड जाळायचे, त्यामुळे जाळणं बंद म्हणजे हातातोड बंद. 2007 ला कारखान्यांनी सरकारशी करार करून मुदती आणखी अलीकडे आणल्या, सपाट जमिनीला 2014. तिथले तोडकरी कोण होते माहितीये? ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी भागातून हंगामापुरते येणारे. अगदी आपलं बीड. त्यांच्यासाठी कारखान्यांच्या संघटनेने ट्रेनिंग काढलं, ट्रॅक्टर, हार्वेस्टर, वेल्डिंग, इलेक्ट्रिकचं. सगळ्यांना पुरलं असं अजिबात नाही, बरेच जण तसेच परत गेले. पण निदान तारीख ठरलेली होती, कधी बंद होणार ते सगळ्यांना माहीत होतं. आपल्याकडे तारीखच नाही, यंदा पाच मशिनी, पुढच्या वर्षी बारा, आणि गावाला कळतं ते मुकादमाने फोन उचलला नाही की.

पैसा नाही असंही नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असं ठरलेलं आहे. ते गाळलेल्या सगळ्या उसावर आहेत, म्हणजे मशीनने तोडलेल्या टनावरही. तोडणी मशीनने आणि ऑपरेटर तोडकऱ्यांच्या घरातला, मुलगा किंवा मुलगी, असं ट्रेनिंग या पैशातून व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं निघालीत तसं हेही निघू शकतं.

शिरोळकर:

रसकुंडी साहेब, हे हंगामाचं गणित आम्ही कधी केलंच नव्हतं. आम्ही कारखाना लवकर बंद झाला की खूश व्हायचो.

बालाघाटी:

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचं वाचून मी कंपनीच्या कँटीनमधून उठून बाहेर आलो.

काल आईला फोन केला. हे सगळं समजावून सांगितलं, मशीन कशी कापते, तुकडे करते, पंख्याने पाचट उडवते, वरच्या पट्ट्याने थेट ट्रॉलीत टाकते. ती ऐकत होती. मग विचारलं, म्हणजे मोळी उचलायची नाही? म्हटलं मोळीच नसते. बराच वेळ काही बोलली नाही, नंतर म्हणाली ते आधी यायला पाहिजे होतं. आणि लगेच पुढं, तुझ्या काकूचं काय करायचं रे यंदा, तिची बाकी फिरलीय साठ हजार.

मोबाइलबद्दल पण मला एक लिहायचं होतं, राहिलं. गाडी काट्यावर गेली की वजनाचा मेसेज शेतकऱ्याला येतो, वाहनमालकाला येतो. ज्याने तोडलं त्याला येत नाही. वडील अजून मुकादमाच्या वहीवर चालतात, त्यांच्याकडं स्मार्टफोन आहे, मी घेऊन दिलाय, त्यावर कीर्तन ऐकतात, पण स्वतः किती टन तोडले ते त्यांना मुकादम सांगेल तेव्हा. एक मेसेज जास्त पाठवायला काय लागतं? आणि रेशनचं, आता दुसऱ्या जिल्ह्यातही अंगठा लावून धान्य मिळतं, सोय खूप चांगली केलीय, मागच्या वर्षी आई तिकडं दुकानात गेली तर अंगठा लागेना. कोयता धरून धरून तिच्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. चार वेळा पदराने पुसून लावला, मग वडिलांचं बोट लागलं तेव्हा मिळालं. ती काही तक्रार करत नव्हती, सहज सांगत होती.

म्हणून मला आता असं वाटायला लागलंय की आमच्यापर्यंत तंत्रज्ञान येतं, नाही असं नाही, पण ते बनवताना आमचा हात कुणी बघितलेला नसतो.

ट्रॅक्टर-ट्रॉलीभाऊ, तुम्ही ऑपरेटरचं जे म्हणालात ते खरंच म्हणालात का? माझ्या गावात पाच-सहा पोरं आहेत, दोघं दहावी झालेली, ट्रॅक्टर सगळ्यांना येतो. आणि एक मुलगी आहे, चुलत बहीण माझी, आयटीआय डिझेल मेकॅनिक केलंय तिने, घरी बसून आहे.

ट्रॅक्टर-ट्रॉली:

खरंच म्हणालो. हंगाम चालू आहे तोवर दोघं-तिघं पाठवा, महिनाभर हेल्पर म्हणून राहू देत, राहायचं-खायचं माझ्याकडं, पगारही देईन पण सुरुवातीला ऑपरेटरचा नाही मिळणार हे आधीच सांगतो. बहिणीचं म्हणाल तर रात्रपाळी असते, रानात मुक्काम असतो, तिच्या घरचे काय म्हणतील ते आधी विचारा. मशीन मे-जूनमध्ये पूर्ण खोलतो आम्ही गोडाऊनला, तेव्हा मेकॅनिकला रोज बोलवावं लागतं, ते काम तिला जमेल, दिवसाचं आहे आणि माझी बायको पण तिथंच असते. नंबर मेसेजमध्ये पाठवतो.

शाळेच्या बाई:

भाऊ, दोघी घेता येतील का? माझीही एक विद्यार्थिनी आहे.